नायट्रिकच्या धुराचा स्क्रबर : जळगावातल्या एका सोन्याच्या रिफायनरीतल्या प्रकल्प नोंदी

१० फेब्रुवारी २०२५

आज जागा पाहिली. एमआयडीसीतला पत्र्याचा शेड, आत तीन काचेची भांडी, एक मूस-भट्टी आणि मागच्या भिंतीला लागून जुना स्क्रबर, म्हणजे धुरातला वायू द्रावणाने धुऊन काढणारा टॉवर. काम सोनं शुद्ध करण्याचं. जळगावच्या सराफ बाजारात गिऱ्हाईक जुने दागिने देऊन नवे घेतं, ती मोड इथे येते. झारेकऱ्यांनी सराफी दुकानांतली धूळ धुऊन काढलेले सोन्याचे कणही येतात, पण मुख्य माल मोडीचा.

पद्धत जुनीच आहे. मोड मुशीत वितळवायची, तिच्यात तांबं किंवा चांदी घालून सोन्याचा भाग साधारण एक चतुर्थांशावर आणायचा, रस पाण्यात ओतून दाणे पाडायचे आणि ते नायट्रिक आम्लात उकळायचे. तांबं-चांदी विरघळते, सोनं तळाशी तपकिरी भुकटीसारखं राहतं. सोन्याचा भाग जास्त ठेवला तर आम्ल दाण्याच्या आत शिरत नाही, म्हणून हे पातळ करणं भाग आहे. त्यानंतर आम्लराजाचं (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणाचं) काम, ते थोडं.

शेठची तक्रार अशी : स्क्रबर बसवला आहे, कॉस्टिक सोडा रोज टाकतो, चिमणीच्या तोंडाशी धूर दिसत नाही, तरी शेजारच्या चटईच्या कारखान्यातली माणसं दुपारी घसा धरून येतात. त्यांचा अंदाज ब्लोअर लहान पडतो असा. मोठ्या ब्लोअरचं कोटेशनही आलेलं आहे. ते आठवडाभर थांबवायला सांगितलं.

जुन्या टॉवरची मापं : व्यास ६०० मिलिमीटर, पॅकिंगची (आत भरलेल्या रिंगांची) उंची २ मीटर, ब्लोअर तासाला १५०० घनमीटर हवा ओढतो. भांड्यांवरचे धूर ओढणारे हुड उघडे.

१२ फेब्रुवारी

टॉवरकडे वळण्याआधी मुळात वायू किती निघतो ते कागदावर काढलं. हा हिशेब कोणी केलेलाच नव्हता.

१ किलो ९१६ची मोड धरली. तिच्यात ९१६ ग्रॅम सोनं. ते एक चतुर्थांश करायचं तर एकूण माल होतो ३,६६४ ग्रॅम, म्हणजे विरघळवायचा धातू जवळजवळ पावणेतीन किलो. तो सगळा तांब्याचा असेल आणि आम्ल तीव्र असेल तर तांब्याच्या एका मोलमागे (मोल म्हणजे अणू-रेणू मोजायचं रसायनातलं माप) नायट्रोजन डायऑक्साइडचे दोन मोल निघतात. हिशेब होतो सुमारे ८६ मोल, वजनात जवळपास ४ किलो वायू. तोच धातू चांदीचा असेल तर एका मोलमागे एकच मोल, आणि चांदीचा अणू जड असल्यामुळे मोलही कमी : वायू साधारण १.२ किलो.

आम्ल पातळ केलं की चित्र बदलतं. मग तीन मोल तांब्यामागे दोनच मोल वायू निघतो, पण तो नायट्रिक ऑक्साइड असतो. ८६ मोलांचे २९ झाले, हा फायदा. मात्र जो निघतो तो स्क्रबरला सर्वांत जड जाणारा, हा तोटा. इथे आम्ल निम्मं पाणी घालून वापरतात, शेवटी शेवटी तीव्र ओततात. त्यामुळे दोन्ही वायू मिसळून येतात. पुढच्या हिशेबासाठी एका घाण्याला ६० मोल धरते, निम्मा एनओ (नायट्रिक ऑक्साइड) आणि निम्मा एनओटू (नायट्रोजन डायऑक्साइड).

शेठला एवढंच सांगितलं की तांब्याऐवजी चांदी घातली तर धूर एक तृतीयांशाहून कमी होईल. चांदी परत काढून पुन्हा वापरता येते. त्यांचं म्हणणं, एवढी चांदी अडकवून ठेवणं परवडत नाही. तेही खरं आहे. तांबं राहणार असं धरून पुढे जाते.

१७ फेब्रुवारी

आज घाणा चालू असताना मोजमाप केलं. भाड्याने आणलेला विश्लेषक एनओ आणि एनओटू वेगवेगळे दाखवतो. आम्ल ओतल्यापासूनच्या पहिल्या दहा मिनिटांत एनओचा आकडा यंत्राच्या मर्यादेपलीकडे गेला. टॉवरच्या आधी आणि टॉवरच्या नंतर, दोन्हीकडे.

आकड्यापेक्षा बाटलीने जास्त पटवलं. चिमणीत नमुना घ्यायचं भोक आहे, तिथून पाच लिटरच्या स्वच्छ काचेच्या बरणीत वायू ओढला, बूच लावलं आणि बरणी पांढऱ्या कागदासमोर ठेवली. सुरुवातीला आत जवळपास काहीच दिसत नव्हतं. आप्पा, जे इथे सगळ्यांत जुने कारागीर आहेत, म्हणाले, "ताई, आते ते काहीच दिखत नही." मग चहा आला. चहा होईपर्यंत बरणीत फिकट पिवळसर झाक आली, ती हळूहळू तांबूस झाली. बरणीला कोणी हात लावला नव्हता. आप्पांनी ती उचलून उजेडात धरली आणि विचारलं, "हाऊ धूर कथाईन उना?" (हा धूर कुठून आला?)

धूर बाहेरून आला नाही, तो आतच होता. नायट्रिक ऑक्साइडला रंग नाही. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन नायट्रोजन डायऑक्साइड झाला की तांबूस रंग येतो. टॉवर डायऑक्साइड बऱ्यापैकी धरत होता, म्हणून चिमणीचं तोंड स्वच्छ दिसत होतं. बिनरंगाचा वायू मात्र जसा आत शिरला तसाच बाहेर पडत होता आणि शेजारच्या शेडपर्यंत पोचेतो त्याचा काही भाग रंगून जात होता.

कॉस्टिक याला का धरत नाही? नायट्रिक ऑक्साइड पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. त्याच दाबाला सल्फर डायऑक्साइड त्याच्या सुमारे ६०० पट विरघळतो. त्यात हा आम्लधर्मी वायू नाही, त्यामुळे अल्कलीला त्याच्याशी करण्यासारखं काही नसतं. तो पकडायचा तर आधी त्याचा डायऑक्साइड करावा लागतो, किंवा निदान निम्म्याचा. कारण एनओ आणि एनओटू समसमान आणि पुरेसे दाट असले की दोघांचा मिळून डायनायट्रोजन ट्रायऑक्साइड होतो, आणि तो कॉस्टिकमध्ये झटकन जाऊन नायट्राइट होतो.

१८ फेब्रुवारी

मोठ्या ब्लोअरचा विषय आज संपवला. हिशेब इथे पूर्ण लिहून ठेवते, कारण ही चूक सगळीकडे होते.

एनओचा हवेत एनओटू होण्याचा वेग एनओच्या तीव्रतेच्या वर्गावर अवलंबून असतो. साध्या तपमानाला हवेत १ टक्का एनओ असेल तर निम्मा ऑक्सिडाइझ व्हायला सुमारे २० सेकंद लागतात. १,००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) असेल तर साडेतीन मिनिटं. १०० पीपीएमला अर्ध्या तासाहून जास्त. १ पीपीएमला दोन दिवसांहून जास्त. वायू जितका विरळ, तितका तो हट्टी.

आता आपला टॉवर. ४० मिनिटांच्या घाण्यात ब्लोअर १,००० घनमीटर हवा ओढतो. त्यात आपले ६० मोल मिसळले की सरासरी १,५०० पीपीएम, त्यातला एनओ सातशेच्या आसपास. तो निम्मा व्हायला जवळपास पाच मिनिटं हवीत. टॉवरच्या पॅकिंगमधून वायू किती वेळात जातो? दीड सेकंदापेक्षाही कमी.

ब्लोअर दुप्पट केला तर वायू आणखी विरळ होणार आणि मिळणारा वेळ आणखी कमी होणार, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. गरज आहे ती हवा कमी करण्याची.

शेठ गप्प बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे कोटेशन फाडू?" हो म्हटलं.

२४ फेब्रुवारी

कॉस्टिक एवढं का लागतं याचं उत्तर सापडलं. ब्लोअर आणि पंप सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू असतात, घाणा असो वा नसो. साध्या हवेत कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या आसपास असतो. तासाला १५०० घनमीटर हवेतून तो पूर्ण शोषला गेला तर तासाला सुमारे २ किलो कॉस्टिक फक्त हवा धुण्यात जातं. पूर्ण शोषला जात नाही, पण निम्मा धरला तरी दिवसाचा आकडा शेठच्या खरेदीच्या वहीशी जुळतो. त्या कॉस्टिकचा धुण्याचा सोडा होतो, तोही नायट्रोजनचे हे वायू धरतो, पण सावकाश.

३ मार्च

पर्याय मांडून पाहिले. प्रत्येकाला फार वेळ दिला नाही.

सोडियम क्लोराइट : एनओचं सरळ नायट्रेट करतं, काम चोख. पण सामू (पीएच) खाली गेला की क्लोरीन डायऑक्साइड सुटतो, तो विषारीही आणि हवेत १० टक्क्यांच्या वर स्फोटकही. जिथे आम्लाची वाफ येणारच आहे तिथे हे मला नको. शिवाय कोरडी पावडर गोणपाटावर, लाकडाच्या भुशावर सांडली की पेट घेऊ शकते. इथल्या गोदामाची अवस्था पाहिली आहे.

पोटॅशियम परमँगनेट : चालतं, पण मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी गाळ पॅकिंगमध्ये बसतो.

ओझोन : एनओला जवळजवळ तत्काळ ऑक्सिडाइझ करतो, पुढे डायनायट्रोजन पेंटॉक्साइडपर्यंत नेतो आणि तो पाण्यात सहज जातो. मोठ्या चिमण्यांसाठी उत्तम. एका शेडसाठी जनरेटर आणि ऑक्सिजन दोन्ही महाग.

लोह-ईडीटीए : एनओला बांधून धरतं, पण हवेतला ऑक्सिजन त्यातलं लोह फुकट ऑक्सिडाइझ करून टाकतो. इथे हवाच हवा.

सोडियम सल्फाइड : स्वस्त आणि काम करणारं. सामू घसरला तर हायड्रोजन सल्फाइड. हे ठाम नको. एक विष काढायला दुसरं आणायचं नाही.

ठरलं ते असं. भांडं झाकणबंद. आत थोडीच हवा, तासाला ३० घनमीटर. वर काचेचा कंडेन्सर, आम्लाची वाफ परत भांड्यात. मग ५०० लिटरची रिकामी टाकी, जिथे वायूला नुसता वेळ मिळेल. मग कॉस्टिकचा लहान कॉलम (उभा टॉवर), त्यानंतर कॉस्टिक आणि सल्फाइटचा दुसरा. उघड्या हुडांचा जुना टॉवर वेगळा, फक्त शेडमधली हवा ओढायला, तोही घाण्यापुरता.

हवा ५० पट कमी केल्यावर वायू ७ टक्क्यांच्या आसपास येतो. त्यातला साडेतीन टक्के एनओ सहा-सात सेकंदांत निम्मा होतो, आणि टाकीत त्याला पूर्ण एक मिनिट मिळतं.

१० मार्च

टाकी कशाची यावर मिस्त्रींशी बराच वेळ चर्चा. ते पॉलिप्रॉपिलिन म्हणत होते, कारण ते वेल्ड करायला सोपं. पण ओल्या एनओटूसमोर आणि तीव्र नायट्रिकसमोर पॉलिप्रॉपिलिन ठिसूळ होत जातं. स्टेनलेस ३०४एल नायट्रिकला उत्तम, मात्र आम्लराजातून क्लोराइड आलं की त्याला खड्डे पडतात. शेवटी आत पीव्हीसी आणि बाहेर एफआरपीचं (काचतंतूंनी बळकट केलेल्या प्लास्टिकचं) कवच. पीव्हीसीच्या गावात पीव्हीसीचा माणूस शोधावा लागला नाही, एवढं बरं.

दुसरी गोष्ट पडद्यांची. रिकाम्या टाकीत एका बाजूने वायू सोडला की तो सगळीकडे मिसळून जातो. ताजा आलेला जुन्यात मिसळून विरळ होतो, आणि काही भाग तर सरळ दारातून दारात निघून जातो. पूर्ण मिसळणाऱ्या टाकीत एका मिनिटाने चौथा हिस्सा एनओ शिल्लक राहील. आडवे पडदे घालून वायूला नागमोडी चालवलं तर दहावा हिस्सा. चार पडदे लिहून दिले. मिस्त्रींना ते जास्तीचं काम वाटत होतं, आकडे दाखवल्यावर पटलं.

१४ मार्च

धुळवड. मिस्त्री नाहीत, काम बंद.

२२ मार्च

पेरॉक्साइडची चाचणी, लहान फ्लास्कमध्ये. ही कल्पना शेठना सगळ्यांत जास्त आवडेल हे ठाऊक होतं, म्हणून आधी स्वतः पाहून घ्यायची होती.

तांबं नायट्रिकमध्ये विरघळताना ऑक्सिडीकरणाचं काम नायट्रेटच करतं आणि त्यात त्याचा वायू होतो. ते काम हायड्रोजन पेरॉक्साइडकडे दिलं की नायट्रिक फक्त क्षार बनवण्यापुरतं लागतं : एक मोल तांबं, दोन मोल नायट्रिक, एक मोल पेरॉक्साइड, आणि बाहेर पडतं ते पाणी. तीव्र आम्लाच्या रीतीत एका तांब्यामागे चार मोल नायट्रिक जातं. म्हणजे आम्ल निम्मं. एका घाण्याच्या पावणेतीन किलो तांब्याला ५० टक्क्यांचं पेरॉक्साइड तीन किलोच्या आसपास लागेल.

प्रत्यक्षात एवढं सरळ जात नाही. द्रावण निळं होत गेलं तसं तांबंच पेरॉक्साइड फोडायला लागलं. फेस आला, उष्णता वाढली, आणि फुकट गेलेल्या पेरॉक्साइडच्या जागी नायट्रिकने पुन्हा काम हाती घेतलं, तांबूस झाक दिसली. थेंब थेंब सोडलं आणि भांडं ६० अंशांच्या खाली ठेवलं तेव्हा फ्लास्कच्या मानेत रंग जवळपास दिसेना. म्हणून तळापर्यंत जाणारी नळी, डोसिंग पंप आणि भांड्याभोवती थंड पाण्याचं जॅकेट. एकदम ओतायचं नाही, हे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावणार.

आम्लराजात पेरॉक्साइड घालायचं नाही. तिथे क्लोरीन सुटतो. ही सूचना वेगळ्या रंगात.

२ एप्रिल

नवी मांडणी उभी राहिली. पहिला पूर्ण घाणा पेरॉक्साइडविना चालवला, कारण टाकी आणि कॉलम एकटे किती करतात ते समजायला हवं होतं.

टाकीला काचेची एक खिडकी ठेवली आहे. पहिल्या पडद्याआधी वायू पिवळट, चौथ्या पडद्यानंतर विटकरी. इथे रंग गडद झाला की आनंद व्हायला हवा, हे कारागिरांना समजावायला वेळ लागला. त्यांच्या लेखी लाल धूर म्हणजे संकट.

दुसऱ्या कॉलमच्या पुढे एनओ २०० पीपीएमच्या आसपास स्थिरावला. शेठ म्हणाले, आधी सातशे होता, आता दोनशे, एवढं सगळं करून तिसरा हिस्साच झाला का? पीपीएम हा हवेच्या प्रमाणातला आकडा आहे, हवाच बदलली तर तो सोडून वजन पाहायला हवं. जुन्या रीतीत तासाला १५०० घनमीटरमध्ये सातशे, म्हणजे तासाला सव्वा किलोहून जास्त एनओ. नव्या रीतीत ३० घनमीटरमध्ये २००, म्हणजे तासाला सात-आठ ग्रॅम. नुसती पीपीएमची अट घातली की धूर न पकडताही, जास्त हवा मिसळून ती पुरी करता येते. म्हणून या कामाच्या प्रत्येक अहवालात मी हवेचा प्रवाह आणि वजन दोन्ही लिहिणार आहे, कोणी मागो वा न मागो.

११ एप्रिल

डाळमिलवाल्या एका ओळखीच्यांनी विचारलं, हाच स्क्रबर आमच्या बॉयलरच्या चिमणीला बसेल का? नाही बसणार. बॉयलरच्या धुरात नायट्रोजनची ऑक्साइडं काही शे पीपीएम असतात आणि त्यातली ९० ते ९५ टक्के एनओच. तिथे हवा कमी करता येत नाही, कारण तो धूर ज्वलनाचाच आहे, आणि एवढ्या विरळ वायूला आपोआप ऑक्सिडाइझ व्हायला तासाच्या हिशेबात वेळ लागेल. शिवाय धुरातला कार्बन डायऑक्साइड टक्क्यांत असतो, तो आधी सगळं कॉस्टिक खातो. सामू वर ठेवला तर सोड्याचं बिल, खाली ठेवला तर शोषण मंद.

सल्फरसाठी चुनखडीचे ओले स्क्रबर असतात, त्यांतूनही एनओ बिनहरकत निघून जातो. ओल्या मार्गाने जायचं तर ओझोन किंवा क्लोराइट आधी हवंच. दीपनगरसारख्या वीजकेंद्रांच्या आकाराला साधारण ज्वाला थंड ठेवणारे बर्नर किंवा उत्प्रेरकावर अमोनिया हे कोरडे मार्ग घेतात. डाळमिलला माझा सल्ला : आधी जास्तीची हवा आणि बर्नर तपासा.

१९ एप्रिल

आता पाण्याकडे. वायू पकडला म्हणजे तो कॉलमच्या टाकीत नायट्राइट आणि नायट्रेट होऊन बसला. ते पाणी कुठे जाणार हे ठरल्याशिवाय हा प्रकल्प पुरा म्हणता येत नाही.

शेठचे मामेभाऊ रावेरकडचे, केळीवाले. त्यांना नायट्रेट म्हटल्याबरोबर बागेची आठवण झाली. कॉस्टिक सोड्याऐवजी कॉस्टिक पोटॅश वापरलं तर पोटॅशियम नायट्रेट मिळेल, तेच तर आम्ही ड्रिपमधून सोडतो, तेरा-शून्य-पंचेचाळीस, मग फुकट का घालवता? विचार चांगला होता, मी त्यावर खरोखर विचार केला. तरी नाही म्हटलं. त्यात निम्म्याच्या आसपास नायट्राइट असतं, जे मुळांनाही वाईट आणि विहिरीत उतरलं तर तान्ह्या मुलांच्या रक्तालाही. धुराच्या तुषारांबरोबर तांबं आणि चांदी आलेली असते. खत म्हणून कोणाला द्यायचं तर खत नियंत्रण आदेशाखाली त्याची तपासणी आणि परवाना लागतो. आणि सोड्याचं पाणी तर काळ्या जमिनीत मुळीच नको. सोडियमने ती माती चिकट होते, पाणी मुरणं थांबतं. रावेर-यावलच्या जमिनीवर हा प्रयोग मी करणार नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आपल्या टाकीतलं पाणी त्याच्या हजारपटीत जाऊ शकतं.

आज नायट्राइट नष्ट करण्याची चाचणी केली, सल्फॅमिक आम्लाने. त्यातून नायट्रोजन वायू निघतो, तो हवेतलाच. १ किलो सोडियम नायट्राइटला सुमारे १.४ किलो सल्फॅमिक. इथे क्रम फार महत्त्वाचा. आधी सल्फॅमिक पूर्ण मिसळायचं, मगच सामू खाली आणायचा. आम्ल आधी पडलं तर नायट्रस आम्ल फुटतं आणि जो धूर पकडायला एवढा खटाटोप केला तोच टाकीतून परत वर येतो. हे काम झाकलेल्या टाकीत, वरची नळी पहिल्या कॉलमला जोडून. दुसऱ्या कॉलमचं पाणी यात मिसळायचं नाही, त्यातल्या सल्फाइटमधून सामू उतरताच सल्फर डायऑक्साइड येईल. त्याचं सल्फाइट हवेने सल्फेट होईपर्यंत वेगळं ठेवायचं.

नायट्रेट उरतं. ते पाणी आटवून क्षार धोकादायक कचरा म्हणून अधिकृत सुविधेकडे. स्वस्त नाही. पेरॉक्साइडमुळे वायूच कमी झाला तर हा क्षारही त्याच प्रमाणात कमी, म्हणून भर तिकडेच द्यायचा.

३० एप्रिल

आज आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. गेले पंधरा दिवस मोडीचा ओघ एवढा की घाणे एकामागून एक. पेरॉक्साइडसह सगळं पूर्ण क्षमतेने चालवून पाहायला यापेक्षा चांगली संधी मिळाली नसती. टाकीच्या खिडकीत रंग फिका, दुसऱ्या कॉलमपुढे एनओ काही मिनिटं यंत्राला दिसतच नव्हता. नायट्रिकचे कॅन किती कमी लागले ते शेठनी स्वतः मोजून सांगितलं.

आप्पा सणाला घरी गेले. जाताना त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती इथे लिहायला हवी. तरुणपणी ते गल्लीतल्या माडीवर उघड्या शेगडीवर तेजाब उकळत. सोबतच्या एकाला एकदा जोराचा धूर लागला. खोकला आला, तासाभरात थांबला, गडी जेवला आणि झोपला. रात्री छाती पाण्याने भरली, आणि तो वाचला नाही. सगळ्यांनी तो हृदयाचा झटका समजला.

नायट्रोजन डायऑक्साइड असाच वागतो. फुप्फुसाच्या खोल भागात पोचून तिथे नुकसान करतो, आणि सूज काही तासांनी, कधी दीड दिवसानेही येते. मधल्या वेळात माणूस बरा दिसतो. १३ पीपीएम ही तत्काळ जिवाला धोका मानण्याची पातळी, आणि उघड्या भांड्यावर वाकलेल्या माणसाच्या नाकाशी ती सहज ओलांडली जाते. साधा कापडी रुमाल किंवा धुळीचा मास्क याला काडीचाही अडवत नाही.

नियम लिहिला : धूर लागला तर बरं वाटत असलं तरी लगेच दवाखाना, डॉक्टरांना वायूचं नाव सांगायचं आणि किमान २४ तास देखरेखीखाली राहायचं. त्या दिवसाचा पगार कापायचा नाही. शेवटचं वाक्य शेठसमोर वाचून दाखवलं आणि त्यांची सही घेतली.

१२ मे

शेडमध्ये दुपारी ४५ अंश. कॉलमचं पाणी तापलं आणि आकडे बिघडले, अपेक्षेप्रमाणे. एनओ ऑक्सिडाइझ होण्याची क्रिया उष्णतेने मंदावते, जी बहुतेक क्रियांच्या उलट आहे. फरक मोठा नाही, २५ वरून ४५ अंशांवर गेलं की दहा-बारा टक्के. खरा फटका शोषणाला, गरम पाण्यात वायू टिकत नाही. शिवाय भांडं साठच्या खाली ठेवणं कठीण झालं, पेरॉक्साइड फुटू लागलं. तोडगा साधा : मेपुरते घाणे पहाटे पाचला. कारागीर खूश, दुपारी भट्टीपाशी उभं राहणं त्यांनाही नको होतं. जॅकेटच्या पाण्याला लहान चिलर, पुढच्या खरेदीत.

२६ मे

दुसऱ्या कॉलममध्ये दाब वाढला. पॅकिंग काढलं तर रिंगांवर पांढरा कठीण थर. विंधन विहिरीचं जड पाणी आणि त्यात कॉस्टिक, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट बसणारच. सौम्य आम्लाने धुतलं, पण आधी सल्फाइटचं द्रावण पूर्ण काढून, दोनदा पाण्याने खळखळवून. यापुढे भरणा मऊ केलेल्या पाण्याचा. दाब ५० मिलिमीटर पाण्याच्या वर गेला की पॅकिंग उघडायचं.

९ जून

हस्तांतर. रोजच्या वहीत चार रकाने केले : दोन्ही कॉलमांचा सामू, भांड्याचं तपमान, दाब, आणि हवेचा प्रवाह. पहिल्या कॉलमचा सामू १०च्या खाली आला की द्रावण बदल. दुसऱ्याचा ९च्या खाली जाऊ द्यायचा नाही.

पाच लिटरची बरणीही शेडमध्येच ठेवली आहे. आठवड्यातून एकदा, घाण्याच्या पहिल्या दहा मिनिटांत, चिमणीतून नमुना घेऊन पांढऱ्या कागदासमोर अर्धा तास ठेवायचा. विश्लेषक भाड्याचा आहे, तो रोज नसणार. हे काम आप्पांनी मागून घेतलं आणि नव्या दोन पोरांना तेच शिकवत आहेत.

उरलेली कामं : चिलर, मऊ पाण्याचं युनिट, सामूचा दुसरा प्रोब (पहिला सल्फाइटमध्ये लवकर मंद होतो), आणि आम्लराजाच्या भांड्यासाठी वेगळा कॉलम. त्यात क्लोरीन आणि नायट्रोसिल क्लोराइडही येतात, त्याचा हिशेब वेगळा मांडायचा आहे. सोमवारपासून ते.